टॉर्क कन्व्हर्टरची बसणी आणि क्लिअरन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं किंवा बॉक्स बनवून आणला, परत चढवला आणि पहिल्याच स्टार्टला पंप फुटला. अशा गाड्या आमच्याकडे नेहमी येतात. येताना मालकाच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असतं, ‘पार्ट खराब निघाला.’ उघडून पाहिलं की बहुतेक वेळा पार्ट चांगला असतो, टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या गोल डब्याची, बसणी चुकलेली असते. पाच मिनिटांचं माप घेतलं असतं तर हजारो रुपयांचा पंप वाचला असता. म्हणून मेकॅनिक आणि गाडीमालक दोघंही जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

कन्व्हर्टर नेमका कशाकशात बसतो?

कन्व्हर्टरची पुढची बाजू इंजिनकडे असते. तिथे मधोमध एक छोटी बोंडी असते, तिला पायलट म्हणतात. ती क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकातल्या खोबणीत जाते आणि कन्व्हर्टरला केंद्रात धरते. कडेचे बोल्ट फ्लेक्सप्लेटला लागतात. फ्लेक्सप्लेट म्हणजे फ्लायव्हीलच्या जागी असलेला पातळ पोलादी पत्रा, कडेला स्टार्टरचे दाते असलेला.

मागची बाजू गिअरबॉक्सकडे असते आणि सगळी भानगड याच बाजूला होते. इथे एकात एक अशा तीन गोष्टी जुळाव्या लागतात. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे स्प्लाइन, म्हणजे लांबट दाते, कन्व्हर्टरच्या आतल्या टर्बाइनमध्ये (शाफ्टला फिरवणाऱ्या पात्यांच्या चाकात) जातात. त्याभोवतीच्या नळीचे, म्हणजे स्टेटर सपोर्टचे स्प्लाइन स्टेटरमध्ये (तेलाची दिशा वळवणाऱ्या मधल्या चाकात) जातात. आणि सगळ्यात बाहेर कन्व्हर्टरचा हब, म्हणजे मागचा नळीसारखा गळा, ऑइल पंपाच्या आतल्या गिअरमध्ये शिरतो. हबला समोरासमोर दोन खाचा किंवा दोन सपाट बाजू असतात, त्या पंपाच्या गिअरच्या कानांत अडकतात. इंजिन फिरलं की कन्व्हर्टर फिरतो, हब फिरतो, पंप फिरतो. पंपाच्या दाबाशिवाय ऑटोमॅटिकमधला एकही क्लच धरत नाही.

पहिले दोन जुळले आणि तिसरा राहिला, हीच सगळ्यात जास्त आढळणारी चूक.

कन्व्हर्टर पूर्ण बसला हे हाताला कसं कळतं?

शक्य असेल तर बॉक्स उभा करा, बेलहाउसिंगचं (बॉक्सच्या इंजिनकडच्या घंटेसारख्या भागाचं) तोंड वर. सीलच्या ओठाला आणि हबला स्वच्छ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लावा. कन्व्हर्टर दोन्ही हातांनी सरळ खाली सोडा आणि हलका दाब ठेवून मागेपुढे फिरवत राहा. तो टप्प्याटप्प्याने ‘टक्’ करून खाली उतरतो. साधारण दोन किंवा तीन टप्पे जाणवतात. काही बॉक्समध्ये पहिले दोन एकदमच होतात, म्हणून नुसते टप्पे मोजून समाधान मानू नका.

शेवटचा टप्पा पंपाचा. तो लागला की फिरवताना हाताला फरक कळतो. आधी कन्व्हर्टर हलका फिरत होता, आता किंचित जड फिरतो, कारण त्याच्याबरोबर पंपाचा गिअर तेलात फिरतोय. तेल असेल तर गुळगुळ असा आवाजही येतो. हा जडपणा जाणवला नाही तर तो बसलेला नाही असं समजा आणि पुन्हा उचलून फिरवा.

बॉक्स जॅकवर आडवा असताना काम अवघड होतं. तेलासकट कन्व्हर्टर दहा-पंधरा किलोंच्या घरात जातो. त्याच्या वजनाने हब खाली झुकतो आणि खाचा कानांसमोर येतच नाहीत. अशा वेळी एकाने खालून वजन उचलून धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. एकट्याने रेटून बसवायला गेलं की सीलचा ओठ आत दुमडतो आणि पुढे गळती सुरू होते.

क्लिअरन्स म्हणजे नेमकी कुठली फट?

कन्व्हर्टर पंपात पूर्ण आत ढकललेला आहे, बेलहाउसिंग इंजिनला पूर्ण टेकून आवळलेलं आहे आणि कन्व्हर्टरचे बोल्ट अजून लावलेले नाहीत. या क्षणी फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टरच्या पॅडमध्ये (जिथे बोल्ट लागतात त्या सपाट जागांमध्ये) जी फट दिसते, ती. बोल्ट लावताना कन्व्हर्टर तेवढा पुढे येतो आणि तेवढाच पंपातून बाहेर सरकतो.

ही फट मुद्दाम ठेवलेली असते. कन्व्हर्टर तापला की वाढतो, आत दाब आला की थोडा फुगतो. त्याला मागे सरकायला जागा नसेल तर तो जोर पंपावर आणि क्रँकवर जातो.

किती हवी?

पहिला मान तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलला. टोयोटाच्या अनेक मॅन्युअलांत नियम सरळ लिहिलेला असतो : बॉक्सकडची खोली इंजिनकडच्या मापापेक्षा किमान १ मिमी जास्त हवी.

मॅन्युअल हाताशी नसेल आणि बॉक्स जुन्या अमेरिकन पद्धतीचा असेल, जसे जनरल मोटर्सचे टर्बो ३५०, टर्बो ४००, ७०० आर४, तर तिकडचे कारागीर १/८ इंच आदर्श मानतात, १/१६ पेक्षा कमी नको आणि ३/१६ पेक्षा जास्त नको. आपल्या फिटरच्या भाषेत एक सूत बरोबर, अर्ध्या सुताखाली नको, दीड सुतावर नको. मिलिमीटरमध्ये साधारण ३, कमीत कमी १.६ आणि जास्तीत जास्त ४.८.

माप कसं घ्यायचं?

एक सरळ पोलादी पट्टी आणि एक व्हर्निअर. बाकी काही लागत नाही.

बॉक्सच्या बाजूला : कन्व्हर्टर पूर्ण बसवा. बेलहाउसिंगच्या तोंडावर पट्टी आडवी ठेवा, म्हणजे जिथे ते इंजिनला टेकतं त्या मशीन केलेल्या पृष्ठभागावर. पट्टीपासून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या पॅडपर्यंतची खोली मोजा. पट्टीच्या वरच्या कडेवरून मोजत असाल तर पट्टीची जाडी वजा करा. सगळ्या पॅडवर मोजा. मापं एकमेकांपासून लांब जात असतील तर कन्व्हर्टर तिरका आहे किंवा पॅड वाकलेला आहे.

इंजिनच्या बाजूला : फ्लेक्सप्लेट क्रँकला पूर्ण टॉर्कने आवळलेला हवा. बहुतेक इंजिनांत तो ब्लॉकच्या मागच्या तोंडापेक्षा बाहेर आलेला असतो. त्याच्या पॅडवर पट्टी ठेवून ब्लॉकच्या तोंडापर्यंत मोजा.

समजा इंजिनकडे १४.२ मिमी आणि बॉक्सकडे १७.१ मिमी आलं. वजा केलं की २.९ मिमी, म्हणजे जवळपास एक सूत. काम उत्तम. तेच बॉक्सकडे १३ मिमी आलं तर बोल्टला हात लावू नका, कन्व्हर्टर बसलेलाच नाही.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. अनेक गाड्यांत ब्लॉक आणि बेलहाउसिंगच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो, धूळ अडवायला. उतरवताना तो डॉवेलवरून, म्हणजे बॉक्स नेमक्या जागेवर आणणाऱ्या पिनांवरून, सुटून बाजूला पडतो आणि चढवताना विसरला जातो. त्या पत्र्यामुळे बॉक्स तेवढा मागे राहत असतो. पत्रा गेला की त्याच्या जाडीइतका क्लिअरन्स कमी झाला. म्हणून माप घेताना पत्रा डॉवेलवर चढवूनच घ्या आणि ब्लॉकऐवजी पत्र्याच्या पृष्ठभागापासून मोजा.

बॉक्स इंजिनला पूर्ण भिडत नाही, थोडी फट राहते. बोल्टने ओढून घेतला तर चालेल का?

नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या.

डॉवेल पिन रांगेत असतील, कन्व्हर्टर बसलेला असेल, वायरिंग किंवा पाइप मध्ये अडकलेला नसेल, तर बॉक्स हाताने रेटून इंजिनला भिडतो. शेवटचा केसभर भाग डॉवेलच्या घट्टपणामुळे राहतो, तो बोल्टच्या दोन फेऱ्यांत येतो. त्यापेक्षा जास्त फट राहिली की कुठेतरी लोखंड लोखंडाला अडलंय. बहुधा हबचं टोक पंपाच्या गिअरच्या कानांवर चढून बसलेलं असतं.

आता बोल्ट आवळले तर फट मिटते आणि सगळं बरोबर दिसतं. पण फ्लेक्सप्लेट कन्व्हर्टरला मागे रेटतोय, हब पंपाच्या गिअरला रेटतोय आणि गिअर पंपाच्या झाकणात घुसतोय. किल्ली फिरवली की पंपाचा गिअर फुटतो, कधी अॅल्युमिनियमचं घरच चिरतं. काही वेळा इंजिन फिरतच नाही. लोक बॅटरीला दोष देतात, स्टार्टर बदलतात.

यावर खात्रीची तपासणी एकच. बेलहाउसिंगचे सगळे बोल्ट पूर्ण आवळल्यावर, पण कन्व्हर्टरचे बोल्ट लावण्याआधी, खालच्या झाकणातून किंवा स्टार्टरच्या भोकातून कन्व्हर्टरला हात लावा. तो हाताने फिरला पाहिजे आणि मागेपुढे हलला पाहिजे. हलत नसेल तर बॉक्स परत खाली घ्या. कंटाळा येतो, संध्याकाळ झालेली असते, गिऱ्हाईक समोर उभं असतं. तरीही खाली घ्या.

आधी बसला होता, चढवताना पुढे सरकला असेल का?

असू शकतो आणि असं फार होतं. बॉक्स जॅकवर नाक खाली करून तिरपा झाला की कन्व्हर्टर आपल्या वजनाने बाहेर घसरतो. पंपाची पकड सुटायला सेंटिमीटरभरही पुरतो. बेलहाउसिंगच्या तोंडावर एखादी पट्टी बोल्टने आडवी लावून कन्व्हर्टर आत धरून ठेवा आणि अगदी शेवटच्या क्षणी ती काढा. नवे बॉक्स कंपनीतून येतात तेव्हा अशी पट्टी लावलेलीच असते. ती फेकू नका, जपून ठेवा.

क्लिअरन्स कमी असेल पण गाडी चालत असेल तर?

चालते, काही दिवस. मग दोन ठिकाणी मार बसतो. मागे पंपाचा गिअर झाकणाला घासत राहतो, तेलात चांदीसारखी चकाकी दिसू लागते, दाब कमी होतो. पुढे क्रँकशाफ्ट सतत इंजिनच्या पुढच्या बाजूला रेटला जातो आणि थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढेमागे सरकू न देणारं बेअरिंग) खातो. हा दुसरा मार जास्त महागाचा. गिअरबॉक्सच्या चुकीने इंजिन उघडावं लागतं.

हे पकडायला डायल गेज वापरा. कन्व्हर्टरचे बोल्ट लावण्याआधी क्रँक पुढेमागे ढकलून एंडप्ले, म्हणजे तो किती सरकतो ते, मोजा आणि लिहून ठेवा. बोल्ट आवळल्यावर पुन्हा मोजा. आधी असलेला प्ले नाहीसा झाला तर कन्व्हर्टर अडकला आहे. या तपासणीत शंकेला जागाच राहत नाही आणि वेळही फार लागत नाही. तरीही ती फार कमी वर्कशॉपांत होते, याचं वाईट वाटतं.

आणि जास्त असेल तर?

हबची पंपातली पकड कमी पडते. अशा बॉक्समधून काढलेला हब उजेडात धरून पाहा. खाचेची पूर्ण उंची घासलेली दिसायला हवी, त्याऐवजी फक्त टोकाशी दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा चकाकत असतो, बाकीची खाच काळपट, जशीच्या तशी. पंपाच्या गिअरचे कान त्याच टोकावर टवके उडालेले असतात. इंजिनचा सगळा जोर तेवढ्या पट्ट्यावर येत होता. शिवाय हबचा जो भाग पंपाच्या बुशावर (हबला आधार देणाऱ्या कड्यावर) टेकायला हवा तो पुढे सरकलेला असतो, त्यामुळे बुश एका कडेला खातं आणि सील गळू लागतं.

मग वॉशर घालून भरून काढायचं का?

फट कमाल मर्यादेपेक्षा थोडी जास्त असेल तर हो. फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टरच्या पॅडमध्ये कडक पोलादाचे, सारख्या जाडीचे वॉशर, प्रत्येक बोल्टला एक. जाडी मायक्रोमीटरने तपासा. बाजारातल्या साध्या वॉशरमध्ये जाडी कमीजास्त असते, ते मऊही असतात, दबतात आणि बोल्ट सैल होतो. तीन बोल्टला घातले आणि चौथा राहिला, असं झालं तर फ्लेक्सप्लेट दर फेरीला वाकेल आणि तडकेल.

वॉशर घातल्यावर पायलट क्रँकच्या खोबणीत पुरेसा जातोय का, हे पाहायला विसरू नका. फट फारच मोठी असेल, सेंटिमीटरच्या आसपास, तर वॉशर हा उपाय नव्हे. पार्टच चुकीचा आहे.

कुर्ल्याहून सेकंडहँड कन्व्हर्टर आणला, दिसायला अगदी सारखा आहे. बसेल ना?

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला काय मिळत नाही? माल चांगला असू शकतो. पण ‘दिसायला सारखा’ यावर बॉक्स चढवू नका. जुना आणि नवा शेजारी ठेवून ही मापं ताडून पाहा : पायलटचा व्यास, हबचा बाहेरचा व्यास, हबची लांबी, खाचांची रुंदी आणि खोली, आतले स्प्लाइन, पॅडपासून हबच्या टोकापर्यंतची एकूण उंची, बोल्टच्या भोकांचं वर्तुळ आणि बोल्टची आटी. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीतही कन्व्हर्टर वेगळा असू शकतो, कारण इंजिनचा टॉर्क वेगळा असतो.

पायलट सैल असेल तर बोल्ट जातील, गाडी चालेलही, पण कन्व्हर्टर केंद्रात फिरणार नाही. फोर्डच्या जुन्या अमेरिकन इंजिनांत १.३७५ इंच आणि १.८४८ इंच असे दोन पायलट चालायचे. लहान पायलट मोठ्या खोबणीत सहज जातो आणि तिथेच फसगत होते.

परदेशात आहे, जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनला जुना शेवरले बॉक्स लावतोय. फट जवळपास एक सेंटिमीटर येतेय. काय चुकलं?

अमेरिकेतून हा प्रश्न येतो, म्हणून सविस्तर लिहितो. १९९७ सालच्या कॉर्व्हेटमध्ये एलएस१ आलं. या पिढीच्या इंजिनांत क्रँकचं मागचं फ्लँज (फ्लेक्सप्लेट लागते ती चकती) त्याच कंपनीच्या जुन्या स्मॉल ब्लॉक इंजिनापेक्षा ०.४०० इंच, म्हणजे सुमारे १०.२ मिमी आत आहे. टर्बो ३५०, टर्बो ४०० किंवा जुना ७०० आर४ लावला की तेवढाच फरक फटीत दिसतो. शिवाय पायलट क्रँकपर्यंत पोचत नाही, कन्व्हर्टर नुसत्या फ्लेक्सप्लेटवर लोंबकळतो.

यासाठी क्रँकवर तेवढ्याच जाडीचा स्पेसर, लांब बोल्ट आणि सपाट फ्लेक्सप्लेट लागतो. स्पेसर पायलटची खोबणीही मागे आणतो, हे त्याचं खरं काम. काही जण खोलगट फ्लेक्सप्लेट वापरून किंवा वॉशरचा ढीग रचून फट मिटवतात. बोल्ट लागतात, पण पायलट अधांतरी राहतो आणि पुढचं सील काही महिन्यांत हात टेकतं. १९९९-२००० च्या काही ६.० लिटर ट्रक इंजिनांचा क्रँक लांब होता, त्यांना स्पेसर लागत नाही. म्हणून इंजिन कुठल्या सालचं हे विचारण्यापेक्षा ब्लॉकच्या तोंडापासून फ्लँजपर्यंत स्वतः मोजा.

फ्लेक्सप्लेटमध्ये काय पाहायचं?

तडे. क्रँकच्या बोल्टांभोवती आणि कन्व्हर्टरच्या भोकांभोवती. तेल-धूळ पुसून, बॅटरीच्या उजेडात, दोन्ही बाजूंनी. तडकलेला फ्लेक्सप्लेट इंजिनच्या कनेक्टिंग रॉडसारखा ठोकतो आणि त्यापायी चांगली इंजिनं उघडली जातात.

डायल गेज लावून वाकही मोजा. टोयोटाच्या जुन्या मॅन्युअलांत फ्लेक्सप्लेटचा रनआउट, म्हणजे फिरताना दिसणारा वाक, जास्तीत जास्त ०.२० मिमी दिलेला असतो. कन्व्हर्टर बोल्टने लावून त्याच्या हबचा रनआउट मोजला तर ०.३० मिमीच्या आत हवा. याहून जास्त येत असेल तर कन्व्हर्टर एकेक बोल्ट पुढे फिरवून लावून पाहतात. फरक पडला आणि मर्यादेत आलं तर ती जागा खूण करून ठेवायची.

फ्लेक्सप्लेट उलटा बसवला तर क्लिअरन्स एकदम बदलतो, म्हणून उतरवतानाच बाजू खूण करा. त्याच्या पुढेमागे स्पेसर रिंग असतील तर त्यांचीही जागा ठरलेली असते. बॅलन्सही पाहा : फोर्डच्या ३०२ इंजिनाचा जुना फ्लेक्सप्लेट २८ औंस-इंचाचा, १९८० च्या दशकापासूनचा ५० चा. अदलाबदल झाली की गाडी थरथरते आणि लोक कन्व्हर्टर बदलत बसतात.

कन्व्हर्टरचे बोल्ट हरवले, दुसरे लावले. चालेल?

आटी आणि कडकपणा जुळला तरी लांबी बघा. एक-दोन मिलिमीटर लांब बोल्ट पॅडच्या तळाला जाऊन कन्व्हर्टरच्या पुढच्या पत्र्याला आतून फुगवटा आणतो. त्याच पत्र्याच्या आतल्या बाजूवर लॉक-अप क्लच (वेगात इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा) घासतो. असा कन्व्हर्टर कापून उघडला की आत बोल्टच्या बरोबर समोर गोल चकचकीत ठिपके दिसतात, जितके बोल्ट तितके ठिपके, आणि क्लचचं अस्तर तेवढ्याच जागी जळालेलं. बाहेरून कन्व्हर्टर नवा दिसतो. चालवताना हायवेला लॉक-अप लागताना थरथर जाणवते, रस्ता खडबडीत असल्यासारखी, आणि तेल कितीही बदललं तरी जात नाही.

टोयोटाच्या काही गाड्यांत कन्व्हर्टरच्या बोल्टांत एक काळा आणि बाकीचे चंदेरी असतात. काळा आधी लावायचा असतो, तो जागा ठरवतो. सगळे बोल्ट हाताने अर्धवट चढवून मगच टॉर्क रेंचने आवळा. इंजिन फिरवायला क्रँकच्या पुलीचा बोल्ट वापरा, फ्लेक्सप्लेटच्या दात्यांत स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नका.

फोर्डच्या अनेक कन्व्हर्टरना बोल्टऐवजी स्टड असतात आणि शिवाय निचऱ्याचा प्लग. बॉक्स भिडवण्याआधी स्टड आणि प्लग दोन्ही फ्लेक्सप्लेटच्या भोकांसमोर आणावे लागतात. स्टड पत्र्यावर टेकला तर तोच, ओढून घेण्याचा, घोटाळा.

डॉवेल पिन नसल्या तर बोल्टवर चालत नाही का?

नाही. बोल्ट बॉक्सला धरतो, जागेवर आणत नाही. बोल्टच्या भोकांत ढिलाई असते आणि बॉक्स तेवढा खाली उतरतो. मग कन्व्हर्टरचं केंद्र आणि पंपाचं केंद्र वेगळं होतं. बुश खातं, सील गळतं, फ्लेक्सप्लेट दर फेरीला वाकून तडकतो. पिना स्वस्त आहेत. गंजलेल्या असतील तर बदला, वाकलेल्या असतील तर ठोकून सरळ करू नका.

कन्व्हर्टर कोरडा बसवायचा की तेल भरून?

आडवा बसवायचा असला तरी साधारण लिटरभर तेल आत ओता. कोरड्या कन्व्हर्टरने सुरुवात केली तर पंपाचं सुरुवातीचं तेल तो भरण्यातच जातं. तेल गाडीला सांगितलेलंच वापरा : टोयोटाच्या बऱ्याच नव्या बॉक्सना डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या सहा गिअरच्या बॉक्सला एसपी-४. एटीएफ म्हणजे एटीएफ, असं समजून मिसळू नका.

बॉक्समध्ये पत्री, म्हणजे धातूचा चुरा, झाली होती. कन्व्हर्टर धुऊन वापरू का?

वेल्ड केलेला कन्व्हर्टर बाहेरून धुता येत नाही. पातींच्या मागे अडकलेली पत्री नव्या बॉक्समध्ये जाते. कापून, साफ करून, बॅलन्स करून परत वेल्ड करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे द्या किंवा बदला. ऑइल कूलर आणि त्याचे पाइपही धुवा, नाहीतर मेहनत पाण्यात.

आवाज येतोय. पंप, कन्व्हर्टर की फ्लेक्सप्लेट?

पंपाचा आवाज बारीक शिट्टीसारखा, पी, एन, डी सगळीकडे, इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा. कन्व्हर्टरच्या आतल्या बेअरिंगचा आवाज ब्रेक दाबून डी मध्ये टाकल्यावर वाढतो, कारण तेव्हा टर्बाइन थांबलेलं असतं आणि बाहेरचं घर फिरत असतं. एनमध्ये दोन्ही जवळपास एकत्र फिरतात आणि आवाज कमी होतो. फ्लेक्सप्लेटचा ठोका डी मध्ये टाकताच बदलतो, कधी नाहीसा होतो.

पक्कं करायचं असेल तर कन्व्हर्टरचे बोल्ट काढा, त्याला पंपाकडे पूर्ण मागे ढकला आणि इंजिन काही सेकंद चालवा. आवाज राहिला तर इंजिनमध्ये किंवा फ्लेक्सप्लेटमध्ये, गेला तर कन्व्हर्टर किंवा बॉक्समध्ये. क्लिअरन्स बरोबर असेल तरच हे करता येतं, नाहीतर फ्लेक्सप्लेट कन्व्हर्टरला घासेल.

सील तिसऱ्यांदा बदललं तरी गळतं. का?

सीलचा दोष नाही. आधी तेल कुठलं ते बघा : इंजिनच्या मागच्या सीलचं की एटीएफ. एटीएफच असेल तर हबवर नख फिरवा. नख अडलं तर हब गेला. मग पंपाचं बुश तपासा, पंपाची बाहेरची ओ-रिंग, कन्व्हर्टरचं वेल्ड. आणि डॉवेल. बुश ढिलं असेल तर जगातलं कुठलंही सील टिकणार नाही.

माझी गाडी एएमटी आहे, डीसीटी आहे. हे सगळं लागू आहे का?

एएमटीत, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या मॅन्युअल बॉक्समध्ये, टॉर्क कन्व्हर्टर नसतो, साधा क्लच असतो. डीसीटीत दोन क्लच, कन्व्हर्टर नाही. सीव्हीटीत (पट्टा आणि पुलीच्या बॉक्समध्ये) मात्र बहुधा असतो, होंडा सिटीच्या २०१४ च्या सीव्हीटीत आहे. ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढ्यावर बॉक्स ओळखू नका, मॅकेनिकला नेमका प्रकार सांगा.

मी गाडीमालक आहे. काम देताना काय विचारू?

दोन गोष्टी. बसवण्याआधी क्लिअरन्स मोजाल का आणि तो आकडा बिलावर लिहून द्याल का? बोल्ट लावण्याआधी कन्व्हर्टर हाताने फिरवून मला दाखवाल का? चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर गाडी दुसरीकडे न्या.

पंप फुटला आणि ‘पार्ट खराब होता’ असं सांगितलं, तर जुना पंप आणि हब मागून घ्या. हबच्या खाचांवर कुठे घासलंय ते पाहा. टोकाच्या चपट्या भागावर ठेचल्याची खूण असेल तर हब गिअरमध्ये गेलाच नव्हता. हा पुरावा पुसता येत नाही.

न बसलेल्या कन्व्हर्टरवर एकदा स्टार्टर मारला गेला. लगेच बंद केलं. आता काय काय उघडायचं?

बॉक्स खाली घ्याच. पंप पूर्ण उघडा, नुसतं तोंडातून पाहू नका. आतल्या गिअरच्या कानांना भिंग लावा, केसासारखा तडा असतो. पंपाच्या झाकणावर गोल ओरखडा आहे का ते बोटाने पाहा. स्टेटर सपोर्टची नळी सरळ आहे का तपासा. कन्व्हर्टरचा हब ठेचला असेल तर कन्व्हर्टर बदला, घासून सपाट करून वापरू नका. फ्लेक्सप्लेट डायल गेजवर घ्या. क्रँकचा एंडप्ले मोजा आणि मॅन्युअलशी ताडून पाहा. पंप फुटलेला नसेल तर तेल आणि फिल्टर बदलून चालेल. फुटला असेल तर व्हॉल्व्ह बॉडीही (तेलाचा दाब वाटणारा भाग) उतरवा, अॅल्युमिनियमचा चुरा सगळ्यात आधी तिथल्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.